एकसलग चित्रीकरण

आमच्या नाट्यमंडळाला पूर्वी सरकारी अनुदान कसं मिळायचं, हे सांगितलं की आजची मुलं हसतात. वर्षातून एकदा तपासणीला एक साहेब यायचे. पहिल्या रांगेतली गादीची खुर्ची त्यांची. मध्यंतरात चहा आणि भडंग. प्रयोग संपला की ते आमच्या वहीत लिहायचे, ‘प्रयोग पाहिला. समाधान वाटले.’ एका साहेबांना तिसऱ्या अंकात रडू आलं. त्या वर्षी त्यांनी ‘फार समाधान वाटले’ असं लिहिलं.

मी या मंडळात एकोणपन्नास वर्षं प्रॉम्प्टर आहे. पहिल्या वर्षी मला पोस्टमनचं काम दिलं होतं. वाक्य एकच होतं, पण तालमीत ते न बोलताच मी विंगेत पळालो, आणि दिग्दर्शकानं हातात संहिता देऊन मला तिथेच बसवलं. तिथे मला बरं वाटलं. वाचत बसायचं आणि आपल्याकडे कुणी बघत नाही. याहून जास्त मी आयुष्याकडे कधी मागितलं नाही.

समोर उजेडात बाळासो असायचा. कोडोलीचा गडी, दूध संघात नोकरी, आवाज खणखणीत. आधी आमचा नायक होता, आता म्हाताऱ्या बापाच्या भूमिका करतो. मी दिलेला शब्द तो असा उचलायचा, की शेजारच्या नटालाही पत्ता लागत नसे.

गेल्या वर्षी नवे नियम आले. आमची सेक्रेटरी अनुजा कॉलेजात शिकवते. तिनं पत्र वाचून दाखवलं. “आता साहेब येणार नाहीत. संस्था किती जुनी, याला गुण नाहीत. पूर्ण प्रयोगाचं एकसलग चित्रीकरण पाठवायचं, न कापता. तीन परीक्षक घरी बसून बघणार आणि गुण देणार.”

“घरी बसून?” बाळासो म्हणाला. “मग त्यास्नी भडंग कोन देनार?”

आम्ही हसलो, पण अनुदान गेलं तर तालमीची खोलीही जाणार होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

शहरातलं मोठं नाट्यगृह आगीत जळाल्यापासून आमचे प्रयोग एका शाळेच्या सभागृहात होतात. तिथे रविवारी दुपारी चित्रीकरण झालं. दुसऱ्या दिवशी अनुजानं मला घरी बोलावलं आणि हेडफोन दिला. “काका, तुम्हीच ऐका,” एवढंच म्हणाली.

बाळासोच्या प्रत्येक वाक्याआधी कुणीतरी ते वाक्य पुटपुटत होतं. कोरडा, घाबरलेला आवाज. तो माझा आहे हे कळायला मला वेळ लागला.

बाळासोची स्मरणशक्ती कमी झाली म्हणून मला जास्त बोलावं लागतं, अशी माझी समजूत होती. दोन वर्षांपूर्वी, आजारातून उठल्यावर, तो एका प्रयोगात अडला होता. तेव्हापासून मी सावध होतो. पण हेडफोनमध्ये त्याचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. बाळासो खरोखर अडतो तेव्हा श्वास रोखून धरतो. इथे तो सावकाश श्वास घेत होता. म्हणजे वाक्याआधीचे ते थांबे त्यानं मुद्दाम घेतलेले होते. पहिल्याच अंकात त्याचे एकोणीस थांबे मी मोडले होते. भीती माझी होती आणि मी तिचं नाव त्याचं म्हातारपण ठेवलं होतं.

मी त्याच्याकडे गेलो आणि कसंबसं सांगितलं.

“मला म्हाईत हाय की,” तो म्हणाला. “दोन वर्सं झाली, माझ्या तोंडचा घास काढून घेतोयस.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो असतो तर तू चार म्हैनं मान खाली घालून बसला असतास. तुला काय मी आज वळखतोय व्हय, मास्तर?”

“आता गप्प बसतो. पण खरंच विसरलास तर?”

“तर तुझं तू बघ,” म्हणाला आणि आत चहा सांगितला.

पुन्हा चित्रीकरण करायला मुदत संपायच्या आदल्या दिवशी सभागृह मिळालं. शेवटचीच संधी. माइक या वेळी रंगमंचाच्या मध्यभागी, बाळासोच्या खुर्चीच्या पायाशी ठेवला. मी विंगेत संहिता उघडून ओठ मिटून बसलो.

दोन अंक मी एक शब्द बोललो नाही. बाळासो थांबायचा, सभागृह थांबायचं, आणि मग तो बोलायचा. विंगेत बसून मी पूर्वी हे रोज ऐकत होतो. शहरात तेव्हा पाच-सहा नाट्यमंडळं होती, प्रयोगाला माणसं उभी राहायची, आणि असा एखादा थांबा आला की कुणाच्या हातातली पुडीसुद्धा वाजायची नाही. आपणच हे बुजवून टाकलं होतं, या विचारानं मला लाज वाटली.

तिसऱ्या अंकात भांडून गेलेला मुलगा वीस वर्षांनी परत येतो. बाप त्याला रागावत नाही. विचारतो, “विहिरीला पाणी बघितलंस का?” या वाक्याआधी बाळासो थांबला. मी ऐकत राहिलो. श्वास येईना.

त्यानं तो धरून ठेवला होता.

हल्ली त्याला कमी ऐकू येतं. त्याच्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं बोललं, तर माइकपर्यंत नक्की जाणार. मला गुण आठवले, खोली आठवली. त्याची नजर विंगेकडे वळली नव्हती. मी काही करीन, असं त्यानं गृहीत धरलं नव्हतं.

“विहिरीला,” मी म्हणालो.

“विहिरीला पाणी बघितलंस का?” बाळासोनं विचारलं, आणि समोरच्या पोरानं खरोखरच डोळे पुसले.

प्रयोगानंतर अनुजानं ती जागा लावली. माझा शब्द स्वच्छ ऐकू येत होता. “पूर्ण प्रयोगात एवढीच जागा आहे,” ती बाळासोला म्हणाली. “पण कापता येत नाही. गुण जातील, मामा.”

“जाऊंदेत,” बाळासो म्हणाला. “न्हाईतर तितं मी अजून बसलोच असतो. पाठव.”

दीड महिन्यानं यादी आली. आमचं नाव नव्हतं. संकेतस्थळावर संस्थेच्या खात्यात परीक्षकांचा शेरा होता. अनुजानं तो वाचला, “तिसऱ्या अंकात एका ठिकाणी प्रॉम्प्टिंग ऐकू येते.”

मी बाळासोकडे बघायचं टाळलं. त्यानं तिला शेरा पुन्हा वाचायला लावला.

“एकाच ठिकानी,” तो म्हणाला. “शेवटपातूर ऐकलंय की गड्यानं!”

मग आम्ही खोलीतल्या संहिता दोरीनं बांधायला घेतल्या. त्या माझ्या घरी जाणार होत्या. तालमी बाळासोच्या गच्चीवर, सोमवारपासून.