न वाजलेली घंटी

इंदिराबाई फोन उचलत नव्हत्या. स्कूटरवर अनयच्या मागे बसून मी पुन्हा पुन्हा नंबर लावत होते.

"लागला का, आई?"

"वाजतोय रे. उचलत नाहीत."

बडोद्यातल्या मांडवीच्या गर्दीत स्कूटर अडकली. अनयची मान घामाने भिजली होती.

अनय माझा मुलगा. कारखान्यातली नोकरी सोडून त्याने मोबाइलवर गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप काढलं. वेळ झाली की घंटी वाजते, गोळीचं नाव दिसतं. कंपनी म्हणजे तो एकटाच. बनवणारा तोच, तक्रारींना उत्तरं देणाराही तोच, जेवता जेवतासुद्धा. जाहिरात करून पाहिली, कोणी फिरकलं नाही. तेव्हा मीच म्हटलं, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हेच वाण देऊ.

दांडिया बाजारातल्या माझ्या जुन्या मैत्रिणी पोट धरून हसल्या. "शालिनी, वाण मोबाइलात होय गं यंदा? मग तिळगूळही त्यातच घाल!" पण वाणाला नाही कोण म्हणणार? अनयने एकेकीच्या फोनवर ते घालून दिलं. त्यांनी बहिणींना सांगितलं, बहिणींनी विहिणींना. बडोद्याबाहेर, कुठल्या कुठल्या गावी ते पोचलं. त्या आनंदात आम्ही घरात श्रीखंड केलं होतं.

आणि या आठवड्यात फोनवाल्यांनी काहीतरी नवीन धाडलं. ते ज्याच्या फोनवर गेलं, त्याची घंटी बंद. अनयने दुरुस्ती केली, पण ती ज्याने त्याने आपल्या फोनवर घ्यायला हवी. सकाळपासून आम्ही ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. इंदिराबाई तेवढ्या राहिल्या. एकट्या राहतात, साखरेचा त्रास.

जिन्यातच शेजारची मिताली भेटली. "मासी, सवारथी दरवाजो बंद छे. सकाळपासून उघडलाच नाही. मला वाटलं, झोपल्या असतील."

अनय दार वाजवत राहिला. आतून काही नाही. मग कडी सरकली.

इंदिराबाई चौकट धरून उभ्या होत्या. चेहरा पांढरा, ओठ सुकलेले. दुसऱ्या हातात मोबाइल, आणि तो हात थरथरत होता.

"अहो, फोन का उचलत नाही?"

"कसा उचलू? लाइन बिझी झाली तर गोळीची घंटी कशी येणार?"

आमच्या लहानपणी आख्ख्या आळीत एकच टेलिफोन होता, पिलाजीरावांकडे. कोणाचा ट्रंककॉल यायचा असला की त्याला हात लावायची कोणाची छाती नव्हती. इंदिराबाई माझ्याहून मोठ्या, पण त्याच आळीतल्या.

ओट्यावर ताट झाकलेलं होतं. "घंटी वाजली की गोळी, गोळी झाली की जेवण. अनयनेच तर सांगितलंय," त्या म्हणाल्या. "आज वाजलीच नाही बघ."

रात्रीचं इन्सुलिनचं इंजेक्शन मितालीने दिलेलं, आणि सकाळपासून पोटात घोटभर चहाही नाही. अनय भिंतीला टेकून खाली बसला. साखर फार उतरली असणार, म्हणून मी साखरपाणी केलं आणि चमच्याने पाजलं. मितालीने डॉक्टरांना फोन लावला. ते सांगतील तसं करत गेलो. हळूहळू हाताची थरथर थांबली. मी भात कालवून पुढे ठेवला.

"असा काय बसलास रे?" इंदिराबाई अनयला म्हणाल्या. "मेले नाही मी."

तो हसला नाही. स्वतःच्या फोनकडे बघत होता. मी विचारलं तेव्हा त्याने दाखवलं. ॲपखाली कोणीतरी लिहिलं होतं, "वडिलांची घंटी वाजत नाही. हृदयाची गोळी आहे. लवकर सांगा."

"परवाचं आहे. मी लगेच उत्तर दिलंय, घंटीची वाट बघू नका म्हणून. त्यांनी वाचलं की नाही, कळायला मार्ग नाही."

"मग फोन लाव ना."

"नंबर नसतो, आई. गावसुद्धा नसतं."

हळदीकुंकवाला आलेल्या एकेकीचं दार मला ठाऊक होतं. ह्या माणसाकडे कुठल्या रस्त्याने जायचं?

इंदिराबाईंनी ताट बाजूला सारलं. हात धुतला आणि भिंतीचा आधार घेत देव्हाऱ्यापाशी गेल्या.

"नाव काय रे त्यांचं?"

"नाव नाही, काकू. एका फुलाचा फोटो आहे नुसता."

त्यांनी हात जोडले, डोळे मिटले. ओठ हलले, आणि नाव घ्यायच्या जागी येऊन थांबले.