धाकटीची अंडी

"मला न विचारता तिच्यापुढं हात पसरलात कशाला?"

आक्का ओरडली तेव्हा टेलरमास्तर दारातच उभे होते. दोन्ही हातांत पत्र्याचा डबा, तोही तान्हं पोर धरावं तसा.

"हात कोण पसरतंय? फोन केला. मेहुणी आहे माझी. मेहुणीला फोन करायची बंदी आहे का?"

"माझी बहीण आहे ती. आणि मी तिच्याशी बोलत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे."

"तू नको बोलूस. अंड्यांशी तर बोलशील? कंडक्टरनं मांडीवर घेऊन आणलाय डबा. बिचाऱ्याचे पाय आखडले."

डब्यात कोंडा होता. कोंड्यात एकेक कापसात गुंडाळलेली, भाजलेल्या विटेच्या रंगाची डझनभर अंडी होती. आक्कानं एक उचलून गालाला लावलं. मास्तर लगेच शर्टाची बाही मोजायला मशीनवर जाऊन बसले. एवढं शहाणपण त्यांना लग्नानंतर आलेलं होतं.

ती अंडी म्हणजे आईची जात. पायांवर घोट्यापर्यंत पिसं, म्हणून गाव त्या कोंबड्यांना विजारवाल्या म्हणायचं. पण घारीच्या अंगावर धावून जाणारी कोंबडी दुसरी दाखवा, असं आक्का छातीठोक सांगायची. आई गेली तेव्हा कोंबड्या दोघी बहिणींत निम्म्या निम्म्या झाल्या. कोंबडा मात्र एकच होता, आणि तो धाकटीकडं राहिला, कारण आई शेवटची वर्षं तिच्याकडं अंथरुणाला खिळून होती. आक्काला ते सहन झालं नाही. भरल्या घरात ती बोलून गेली, "आईचं केलंस ते कोंबड्यावर डोळा ठेवून केलंस." त्या दिवसापासून दोघींचं बोलणं तुटलं. चूक कुणाची ते आक्काला पहिल्या दिवसापासून कळत होतं, पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही.

पुढं आक्काच्या कोंबड्या गल्लीतल्या कोंबड्यांत मिसळल्या, जात बिघडली, आणि उरल्यासुरल्या मानमोडीनं नेल्या. माना वाकड्या करून गरगर फिरत एकेक पडली. मग तिनं फार्मच्या पांढऱ्या कोंबड्या आणल्या. त्या अंडी घालायच्या आणि त्याच पावली विसरायच्या. खुडूक होऊन अंड्यांवर बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "असल्या आया काय कामाच्या?" आक्का म्हणायची. आता आईची जात परत अंगणात येणार, या एका गोष्टीसाठी तिचा जीव कासावीस झाला.

धाकटीनं मास्तरांजवळ निरोप दिला होता: अंडी प्रवासात हिंदकळली आहेत, दिवसभर निजू द्या, टोक खाली करून ठेवा, मगच बसवा.

"मला शिकवते! तिला दात नव्हते तेव्हापासून मी कोंबड्या बसवतेय," आक्का म्हणाली. पण अंडी तिनं टोक खाली करूनच ठेवली.

शेजारच्या सुतारणीची कोंबडी नेमकी खुडूक होती. तीन पोलकी फुकट शिवून द्यायच्या बोलीवर ती मिळाली. कोंबडी अंडी पोटाखाली ओढून पसरून बसली, आणि आक्का तिच्यासमोर पाट घेऊन बसली. स्वयंपाक मास्तरांच्या गळ्यात पडला.

दहाएक दिवस गेले. इथं आक्काची मती फिरली.

गेली काही वर्षं ती आपल्या पांढऱ्या कोंबड्यांची अंडी सुतारणीच्या कोंबडीखाली बसवायची. मधेच एकदा अंधाऱ्या खोलीत नेऊन मोबाइलच्या बॅटरीवर धरायची. पांढऱ्या कवचातून लाल दोऱ्यांचं जाळं स्वच्छ दिसायचं. ज्यात दिसायचं नाही ते अंडं फेकून द्यायचं. हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्या दिवशीही कोंबडी दाणे टिपायला उठल्यावर तिनं सगळी अंडी पाटीत घातली आणि धान्याच्या खोलीत नेली.

पहिलं धरलं. काळं. दुसरं धरलं. काळं. एकातही रेघ नाही की ठिपका नाही.

"अहो! सगळी मेलेली आहेत. शिळी अंडी पाठवलीन तिनं. सूड घेतलान!"

"अगं, असं कसं करील ती?" मास्तर गळ्यातला टेप काढत आले. "इतक्या जपून, कापसात गुंडाळून..."

"तोच तर कावा! लावा फोन. आज मीच बोलते."

फोन लागला. पलीकडून धाकटीचा आवाज आला, "आक्का?" किती वर्षांनी आला तो आवाज. पण आक्का काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती.

"मेलेली अंडी पाठवलीस ना मला? एवढं मनात धरलंस? मला द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं. कोंबडी फुकट दहा दिवस उपाशी बसवलीस माझी!"

धाकटीनं विचारलं, "कशावरून मेलेली?"

"उजेडावर धरली. आत काही नाही."

"आक्का, ही काय पांढरी अंडी आहेत आरपार दिसायला? आईनं कधी उजेडावर धरलेली पाहिलीस?"

"मला शिकवू नकोस."

"नाही शिकवत. फोड एक. मी फोनवर आहे, फोड."

आक्कानं रागाच्या भरात वाटी ओढली आणि अंडं तिच्या काठावर हाणलं.

वाटीत पडलं ते जिवंत होतं. बोटाच्या पेराएवढं, मोठ्या काळ्या डोळ्याचं. छातीशी लाल टिकलीसारखं काहीतरी धडधडत होतं. आक्का बघत राहिली. ते हळू झालं, आणखी हळू झालं, आणि थांबलं.

"काय निघालं?" फोनमधून धाकटी विचारत होती. "आक्का, काय निघालं?"

मास्तरांनी हातानं वाटी झाकली. आक्काला खोटं बोलता आलं असतं. पण तिच्या तोंडून निघालं, "जिवंत होतं गं."

पलीकडं धाकटी रडायला लागली. "आता माझ्याकडं दुसरी नाहीत, आक्का. तुझा डबा बसमध्ये ठेवला आणि पुढच्या आठवड्यात माझ्याकडं मानमोडी शिरली. कोंबडासुद्धा राहिला नाही. आहेत ती तुझ्याकडची."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू बोलत होतीस का माझ्याशी?"

फोन बंद झाला. आक्का पाटी उचलून अंगणाकडं धावली. अंडी गार पडत चालली होती आणि कोंबडी कुंपणाशी खुशाल माती उकरत होती. तिला उचलून अंड्यांवर ठेवलं की ती उठायची. पुन्हा ठेवलं, पुन्हा उठली. आरडाओरडा ऐकून सुतारीण आली.

"तिला काय दोष देता? घर मोडलंत तिचं. व्हा बाजूला, तुमच्या अंगाला धास्तीचा वास येतोय."

सुतारणीनं कोंबडीवर डालगं पालथं घातलं, वर गोणपाट टाकलं आणि आक्काला हाताला धरून घरात नेलं. अंधार झाला तशी कोंबडी आतल्या आत हलली, आणि मग हलायची थांबली. बसली.

त्यानंतरचे दिवस आक्कानं कसे काढले ते तिचं तिला माहीत. तिचं जेवण तुटलं. धाकटीला फोन लावावा म्हणून हात जायचा आणि मागं यायचा. काय तोंडानं बोलणार? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, एवढंच ती स्वतःशी पुटपुटायची, आणि मास्तर खाली मान घालून पोलकी शिवायचे.

अखेर एका सकाळी डालग्याखाली चिवचिव झाली. पाच पिल्लं निघाली. इमानी कोंबडीनं उरलेल्या अंड्यांवर आणखी दोन दिवस काढले, पण त्यांतून काही आलं नाही. आक्कानं ती परसात पुरली. प्रवासानं गेली, की ती पाटीत गार पडली म्हणून गेली, हे तिला कुणी सांगू शकलं नसतं, आणि तिला कुणाला विचारायचंही नव्हतं.

पिल्लं निघाल्याचं धाकटीला मास्तरांनीच कळवलं, पुन्हा कुणाला न विचारता. तिसऱ्या दिवशी दुपारी ती आली. अंगानं निम्मी झालेली, हातात रिकामी पिशवी. पण आली ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेलाच थांबली.

आक्का फाटकाशी धावली. "आत ये ना! तिथं काय उभी राहिलीस?"

"नको."

"एवढा राग?"

"राग कसला? मानमोडी पायांनी येते, आक्का. चपलेला, लुगड्याला, कशालाही लागून येते. मी आत आले तर ती पाचही जातील. तू पण इकडं येऊ नकोस. मला शिवलीस तर परत त्यांच्यात जाता येणार नाही. बघायला आले, बघते आणि जाते."

आक्कानं पिल्लू ओंजळीत धरून फाटकावरून उंच केलं. धाकटीनं डोळ्यांवर हात धरून रस्त्यापलीकडून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"आईचीच आहेत," ती म्हणाली.

आक्काला जे बोलायचं होतं ते कानात सांगायचं होतं. पण मधे रस्ता होता. त्यावरून ट्रॅक्टर गेला, सायकलवाला गेला. सुतारीण दारात उभी होती. शेवटी आक्का सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "धाकटे, मी तेव्हा बोलले ते खोटं होतं! आईचं तू केलंस, मी नाही केलं! मला लाज वाटत होती म्हणून बोलले!"

धाकटीनं मान हलवली. "ठीक आहे," म्हणाली, आणि बस पकडायला वळली. पाठमोरी ती हुबेहूब आईसारखी चालत होती, पण इतकी थकलेली आई आक्कानं कधी पाहिली नव्हती.

आक्कानं हातातलं पिल्लू मास्तरांच्या हातात दिलं. मास्तर कोंबड्यांना जन्मभर भ्यायलेले. ते जागच्या जागी ताठ झाले.

"हे काय?"

"सांभाळा. मी आता त्यांना हात लावणार नाही."

"अगं, पण तू एवढी त्यांच्यासाठी... यांना खायला काय घालू?"

"सुतारणीला विचारा. पाणी उथळ ठेवा, बुडतील."

तिनं फाटक उघडलं. "आक्का, थांब, येऊ नकोस!" धाकटी वळून ओरडली. पण आक्का रस्ता ओलांडून गेली आणि तिनं बहिणीला गच्च धरलं.

"वेडी आहेस का? आता महिनाभर तरी पिल्लांजवळ जाता येणार नाही तुला."

"माहीत आहे. चल, तुझ्याकडं जाऊ. खुराडं चुन्यानं धुवायला एकटीला जमणार नाही तुला."