खांद्यावरच्या बटणांचे जनक

आमंत्रण टपालाने आलं तेव्हा इगुची साकाए ओट्यापाशी उभी राहून मुळ्याचा पाला चिरत होती. पाकीट जाडजूड, कागद उंची, आणि भाषा इतकी नम्र की वाचणाऱ्यालाच संकोच वाटावा. कामोया कंपनीने क्योतोतल्या आपल्या जुन्या कारखान्यात व्हिडिओ गेमचं संग्रहालय उभारलं होतं. उद्घाटनाच्या दिवशी ‘खांद्यावरच्या बटणांचे जनक’ माननीय कुसाकाबे तेत्सुरो यांचा सत्कार होणार होता. जुन्या दुरुस्ती विभागाच्या वतीने इगुची-सान यांनी त्यांना पुष्पगुच्छ द्यावा, अशी कंपनीची विनंती होती.

साकाएने ते दोनदा वाचलं. मग सुरी बाजूला ठेवली, कारण बहात्तराव्या वर्षी बोट कापून घ्यावं इतकी काही कुसाकाबेसाहेबांची लायकी नव्हती.

खांद्यावरची बटणं म्हणजे काय हे आज शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कंट्रोलर दोन्ही हातांत धरला की अंगठे समोर येतात आणि तर्जन्या वरच्या कडेवर टेकतात. त्या कडेवर, तर्जन्यांच्या खाली, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, अशी ही दोन बटणं. जपानी कालगणनेतल्या शोवा एकसष्ट साली, म्हणजे अडतीस वर्षांपूर्वी, कामोयाच्या कंट्रोलरवर सगळा कारभार दोन अंगठ्यांचा होता. उरलेली आठ बोटं नुसती बघ्यासारखी बसून असायची. त्या आठांतल्या दोघांना कामाला लावलं ते साकाएने. आणि जनक कोण, तर कुसाकाबे.

तिने तोकिकोला फोन लावला. दोघींनी दुरुस्ती विभागात सोळा वर्षं शेजारी शेजारी बसून तारांना कथलाचे डाग दिले होते. तोकिको ओसाकाची, तिच्या जिभेला हाड नाही. ती आधी मनसोक्त हसली आणि मग तापली.

“म्हणजे घरी चोरी झाली आपल्या, आणि चोराचा सत्कारही आपणच करायचा. साकाए-चान, जाऊच नकोस. आणि गेलीसच तर फुलं त्याच्या तोंडावर फेक.”

साकाए म्हणाली की बघते. ती पडली क्योतोची. तिथली माणसं नको असलेल्या पाहुण्यालाही आणखी एक कप चहा घेणार का असं विचारतात, आणि पाहुण्याने ते ओळखून उठून जायचं असतं. तोंडावर काही फेकायचं शिक्षण तिला मिळालेलंच नव्हतं. आयुष्यात तिने केला नाही एवढा संताप आता तिला आला होता आणि त्याला बाहेर पडायला वाट सापडत नव्हती.

दुरुस्ती विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. बारा बायका, सोल्डरिंगच्या बारा डागण्या आणि खिडकीत एक पंखा. देशभरातून मुलांचे बिघडलेले कंट्रोलर खोक्यांतून यायचे, सोबत चिठ्ठ्या असायच्या. वाढदिवसाच्या आत दुरुस्त करून द्या, ताईला सांगू नका मी आपटला म्हणून. उघडण्याआधी कंट्रोलर स्पिरिटने पुसून घ्यायचा, हा नियम. पुसता पुसता साकाएच्या लक्षात आलं की वरच्या कडेवर, जिथे काहीच नव्हतं, तिथे प्रत्येक कंट्रोलरवर मळाचे दोन ठिपके आहेत. घाम, कॅरमेल, शाई. या बोटांना तिथे बसायला कुणी सांगितलं नव्हतं, तरी प्रत्येक मुलाची तर्जनी तिथेच येऊन बसत होती. मग ती पुसण्याआधी पट्टी लावून मोजायला लागली. असे तिने एकशे बारा कंट्रोलर मोजले.

नवीन वर्षाच्या जेवणातला कामाबोको, म्हणजे वाफवलेल्या माशाची वडी, ज्या छोट्या फळीवर थापून येतो ती फळी तिने धुऊन वाळवली. नवऱ्याच्या करवतीने तिला आकार दिला, भंगारातली दोन बटणं कडेला बसवली, तारा जोडल्या. तोकिकोने ते हातात धरून बघितलं. तोकिको गप्प बसली हेच खरं प्रमाणपत्र होतं.

कारखान्यात सुधारणा-सूचनांची पेटी असायची. दर महिन्याला प्रत्येक विभागाने तीस तरी चिठ्ठ्या टाकल्याच पाहिजेत, असा दंडक होता. त्यामुळे किटली दाराजवळ हलवावी असल्या सूचनांनी ती पेटी भरलेली असे. साकाएची चिठ्ठी आणि ती फळी त्याच वाटेने वर गेली. तीन महिन्यांनी तिला कंपनीचं चिन्ह छापलेला एक टॉवेल मिळाला. विभागप्रमुख कुसाकाबेसाहेबांना बढती मिळाली, मग आणखी एक मिळाली, आणि शेवटी ते संचालक होऊन निवृत्त झाले. सूचना देणाऱ्याच्या रकान्यातलं आपलं नाव साहेबांनी खोडलं आणि स्वतःचं घातलं, ही गोष्ट साकाएने नवऱ्याला सांगितली होती, तोकिकोला सांगितली होती, आणि अडतीस वर्षं स्वतःलाही सांगत आली होती.

उद्घाटनाला आठवडा होता तेव्हा ती संग्रहालयात गेली. मिनाकावा नावाची तिशीची मुलगी तिथे सगळी मांडणी बघत होती. तिने साकाएला आत नेलं. काचेच्या पेटीत, पांढऱ्या मखमलीवर, ती फळी ठेवलेली होती. खाली पाटी होती: ‘कुसाकाबे तेत्सुरो यांनी निवडक लाकडातून स्वहस्ते कोरलेला पहिला नमुना.’

“निवडक लाकूड,” साकाए म्हणाली. “माशाच्या वडीची फळी आहे ती. कुसाकाबेसाहेबांना साधी पेन्सिल तासता येत नव्हती, आम्ही तासून द्यायचो.”

मिनाकावाने वही काढली आणि सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तिने शंका घेतली नाही, मान डोलावून फक्त लिहीत राहिली. मग तिने जपून एक पुठ्ठ्याची घडी आणली. मूळ चिठ्ठी सापडली आहे म्हणाली.

कागद पिवळा पडला होता, पण शाई शाबूत होती. सूचना देणाऱ्याचं नाव: कुसाकाबे तेत्सुरो. त्यात खाडाखोड नव्हती, नाव बदललेलंही नव्हतं. अक्षर साकाएचं होतं.

तिने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. अक्षर तिचंच राहिलं. आणि मग तिला ती दुपार आठवली. बाईचं नाव घातलेली चिठ्ठी ‘विभागात चर्चा करा’ असा शिक्का घेऊन परत यायची, हे बाराही जणींना पाठ होतं. म्हणून त्या रकान्यात सगळ्याच जणी साहेबांचं नाव लिहीत. त्यात कुणाला काही वाटत नसे. किटलीच्या चिठ्ठीवरही साहेबांचंच नाव असायचं. साहेबांनी काही खोडलं नव्हतं. नम्रपणे, सुबक अक्षरात, तिने स्वतः आपलं डोकं त्यांच्या नावावर करून दिलं होतं.

“पण का?” मिनाकावाने विचारलं. तिच्या आवाजात दोष नव्हता, तिला खरोखर कळत नव्हतं. तिशीच्या मुलीला ते कळू नये हे चांगलंच होतं, पण त्या क्षणी साकाएला तिचाही राग आला. स्वतःचा त्याहून जास्त आला.

मिनाकावा हळूच म्हणाली की तिचा साकाएवर विश्वास आहे. पण पाटी कागदावरून लिहावी लागते, आणि कागद हा असा आहे. कुसाकाबे-सान स्वतः काही वेगळं म्हणाले तरच ती पाटी बदलता येईल. साकाएने वाकून आभार मानले आणि बस पकडली. दोन थांबे पुढे गेल्यावर तिला कळलं की आपण उलट्या दिशेच्या बसमध्ये बसलो आहोत.

उद्घाटनाच्या दिवशी ती करड्या किमोनोत गेली. कार्यक्रमाआधी कुसाकाबेसाहेबांना भेटायचा रिवाज होता, म्हणून भेटली. चौऱ्याऐंशी वर्षांचे साहेब, कानात यंत्र, चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद. त्यांनी तिला लगेच ओळखलं.

“अरेच्चा, इगुची. तुझ्या हातचा चहा, अजून चव आठवते.”

सोळा वर्षं तिने त्या माणसाच्या विभागात काम केलं आणि त्याला आठवला तो चहा. ती हसली. कितीही राग आला तरी हसायचं, ही सवय तिच्या हाडात मुरली होती आणि तिला ती आज पहिल्यांदा नकोशी झाली.

मग साहेब मंचावर उभे राहिले. सभागृह भरलेलं, पत्रकार पुढे, तोकिको तिसऱ्या रांगेत हाताची घडी घालून. मंचाच्या कडेला साकाए फुलं घेऊन उभी. साहेब छान बोलत होते. म्हणाले, मी मुलांचे बिघडलेले कंट्रोलर हातात घ्यायचो. वरच्या कडेवर मळाचे ठिपके दिसायचे. तेव्हा माझ्या मनात आलं, ही बोटं काहीतरी मागताहेत.

साकाएच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. नाव गेलं ते तिच्या हाताने गेलं, त्याबद्दल ती स्वतःला काय म्हणायचं ते म्हणत होतीच. पण हा मळ तिचा होता. डागणीचा धूर नको म्हणून साहेब दुरुस्ती विभागाच्या दारातूनच नाकाला रुमाल लावून बोलायचे. एकही मळका कंट्रोलर त्यांनी कधी हातात धरला नव्हता. ही हकीकत तिने कधीतरी चहाच्या सुट्टीत त्यांना सांगितली होती. त्यांनी ती इतक्या वेळा स्वतःची म्हणून सांगितली होती की त्यांना ती आता खरीच वाटत होती. ते खोटं बोलत नव्हते, आणि त्यामुळे तिचा संताप दुप्पट झाला. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण कुणाचं काय घेतलंय हे माहीत असतं.

टाळ्या झाल्या. सूत्रसंचालकाने तिचं नाव घेतलं, दुरुस्ती विभागाच्या माजी कर्मचारी म्हणून. ती पुढे झाली. फुलं देताना दोन शब्द बोलायची पद्धत आहे, म्हणून माइक तिच्यापुढे आला. अभिनंदन म्हणायचं आणि मागे सरायचं, एवढंच काम होतं.

“अभिनंदन,” ती म्हणाली. “साहेब, एक विचारू का? डावं बटण उजव्यापेक्षा दोन मिलिमीटर खाली आहे. नमुन्यात आहे, आणि बाजारात आलेल्या प्रत्येक कंट्रोलरमध्येही आहे. ते का?”

साहेब हसले. त्यांनी कानातलं यंत्र नीट केलं, प्रश्न पुन्हा विचारायला सांगितला, तिने विचारला. त्यांना उत्तर माहीत नाही हे त्यांच्या भुवयांवरून पहिल्या रांगेला तरी दिसत होतं. मग ते मोठ्या मनाने म्हणाले, “ती साच्याची चूक होती. आमच्या लक्षात आली, पण आम्ही चालवून घेतली.”

सभागृह कौतुकाने हसलं.

साकाए हसली नाही. हसण्याची सवय कुठे गेली हे तिलाही समजलं नाही. ती माइकच्या जवळ सरकली.

“चूक नाही ती. डाव्या अंगठ्याने खेळातला गडी फिरवावा लागतो, त्याने डावा हात सारखा खाली झुकतो आणि तर्जनी घसरते. म्हणून डावीकडचा मळ उजवीकडच्यापेक्षा दोन मिलिमीटर खाली असायचा. एकशे बारा कंट्रोलर मी पट्टी लावून मोजले होते. चिठ्ठीत कारण लिहायला जागा नव्हती, म्हणून ते तुम्हाला माहीत नाही. चूक दुसरीच झाली होती, साहेब, आणि ती माझी. त्या चिठ्ठीवर मी तुमचं नाव लिहिलं. ते मी आज परत घेते.”

साहेबांच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू कुठेतरी गेला आणि त्या जागी एका म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ आला. ते तिच्याकडे बघत राहिले, चहाच्या पलीकडे काही आठवतंय का ते शोधत असल्यासारखे. शेवटी म्हणाले, “मी मोजले नव्हते.” एवढं माइकमध्ये स्पष्ट ऐकू आलं. साकाएला वाटलं होतं की हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. तसं काही झालं नाही, राग तसाच राहिला, फक्त आता त्याच्यावर पाय रोवून उभं राहता येत होतं.

बाजूच्या दारापाशी मिनाकावा वही उघडून उभी होती. जपानी लिपीत एकाच उच्चाराची नावं वेगवेगळ्या अर्थांच्या अक्षरांनी, दहा तऱ्हांनी लिहिता येतात, म्हणून तिथे नाव लिहून घेताना विचारावंच लागतं. तिने ते भर सभेत, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

“इगुची-सान, पाटीसाठी विचारते. आपलं पूर्ण नाव कुठल्या अक्षरांनी लिहायचं?”

साकाएने फुलं जमिनीवर ठेवली, हात मोकळा केला, आणि शेवटच्या रांगेलाही दिसावीत अशी मोठी अक्षरं हवेत काढत सांगायला सुरुवात केली. विहीर या शब्दातलं इ. तोंड या शब्दातलं गुची. आणि भरभराट या शब्दातलं साकाए.