बाद झालं की खाली उतरायचं

हॉलच्या मागच्या दाराशी उभ्या असलेल्या सुगतचे ओठ हलले आणि स्टेजवरच्या मनालीबाई प्रश्न वाचता वाचता थांबल्या.

"पोरगी बाद झाली की खाली उतरल. दारातच उचलायची. गाडी चालू ठेव. रातच्याला सुरत."

खिडकीबाहेर मोटरसायकलवर बसलेल्या त्याच्या दोस्तानं मान हलवली.

आता म्हणाल, भरल्या हॉलमध्ये, एवढ्या लांबून बाईंना हे ऐकू कसं आलं? अहो, ऐकू कुठलं येतंय! शेजारच्या कापडाच्या कारखान्यात लूमचा खडखडाट चाललेला. पण भिवंडीत लूमच्या सावलीत वाढलेल्या माणसाला कान लागत नाहीत. बाईंचे वडील, राघो, जन्मभर लूमवर उभे राहिले. तिथं ओरडून घसा फाडण्यापेक्षा लोक नुसते ओठ हलवतात. भांडण, थट्टा, जेवायला चल, सगळं आवाजाविना. बापाचा डबा पोचवता पोचवता बाई लहानपणीच ते शिकल्या. सुगत पण लूमवाला. बाहेरच्या दोस्ताशी तो कारखान्यातल्या सवयीनं बोलला. त्याला काय माहीत, स्टेजवरची मास्तरीण आपल्याच भाषेतली निघेल!

पोरगी म्हणजे धम्मदिना. बाईंच्याच वडप्याच्या शाळेतली, तिसरीतली. तिची आई वैशाली तिथंच गोदामात पॅकिंगला जाते. नवऱ्यानं, म्हणजे याच सुगतनं, हाताचं हाड मोडलं तेव्हा पोरीला घेऊन ती माहेरी निघून आली. कोर्टकचेरी काही नाही, कागद नाही. शाळेत येऊन बाईंना एवढंच म्हणाली होती, "बाई, तो तिला बहिणीकडं सुरतेला नेऊन ठेवणार हाय. एकदा नेली का मला न्हाय दिसायची. त्याच्या हातात देऊ नका."

"नाही देणार," बाई म्हणाल्या होत्या. बोलायला काय जातं!

आणि आज भिवंडीच्या या हॉलमध्ये ही सामान्यज्ञान स्पर्धा. आसपासच्या गावांतल्या शाळा, पहिली ते चौथीची मुलं. हॉल ठरवण्यापासून वडापाव मागवण्यापर्यंत सगळं मनालीबाईंनीच केलेलं. नियमही त्यांचेच. चुकलं की बाद, बाद झालं की खाली उतरायचं, आणि आईवडील आले असतील तर मूल त्यांच्याच हाती द्यायचं. मागच्या वर्षी खारबावचं एक मूल गर्दीत चुकलं होतं, म्हणून केलेला नियम. तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. आता तोच नियम गळ्याशी आलेला.

माईकवर ओरडावं? नको. 'मुलं पळवणारा' असा एक शब्द तोंडातून निघाला असता ना, तर या हॉलनं सुगतला जिवंत सोडलं नसतं, आणि ते त्याच्या पोरीनं बघितलं असतं.

"पुढचा प्रश्न," बाई म्हणाल्या. "धम्मदिना, शेतकऱ्याचा मित्र कुणाला म्हणतात?"

"गांडूळ."

बरोबर! टाळ्या पडल्या. बाईंना मात्र नवल वाटलं. ही पोर वर्गात तोंडातल्या तोंडात बोलणारी, हिला आणलं ते केवळ एक मुलगी आजारी पडली म्हणून. आणि ही आज धडाधड उत्तरं देतेय? एकेक पोर बाद होऊन खाली उतरत होतं, ही आपली जागेवर. तिनं बाईंकडं एकदाही बघितलं नव्हतं. तिची नजर मागच्या दारावर खिळलेली.

तिनंही वाचलं होतं तर! बापाच्या मांडीवर बसून शिकली असणार, दुसरीकडं कुठं?

तेवढ्यात पोरीनं मान वळवली. ओठ हलले, आवाज नाही.

"बाई, संपवू नका."

दाराजवळ पाण्याचे पेले भरत सईदाखाला उभ्या होत्या. शाळेतल्या मदतनीस, पूर्वी लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या, म्हणजे ओठांची भाषा त्यांनाही यायची. सुगत खिडकीकडं वळला ते बघून बाईंनी ओठांनीच सांगितलं, "खाला, दारात पोरीचा बाप आहे. उचलून नेणार. वैशालीला आणा."

सईदाखालांनी पेला खाली ठेवला, ओढणी सारखी केली आणि सुगतच्याच खांद्याला घासून बाहेर पडल्या. काय बाई म्हणावी! गोदामात फोन गेटवरच काढून घेतात, म्हणजे फोन करून उपयोग नाही. खालांचा भाचा मुदस्सिर त्यांना आपल्या रिक्षातून घेऊन गेला तरी वडप्याचा रस्ता, त्यात कंटेनरची रांग. बाईंनी मनातल्या मनात हात जोडले.

मग सुरू झाला जिवाचा खेळ. बाई एकेक प्रश्न दोनदा वाचायच्या. मधेच पाणी पाजायच्या. कार्डं संपली तसे मनचे प्रश्न काढू लागल्या. समोर उरली धम्मदिना आणि कोन गावचा एक चुणचुणीत मुलगा. पोरीची गत बघा, चुकली तर खाली, जिंकली तर खेळच संपला! दोन्हीकडून मरण. बिचारी फ्रॉकचा काठ मुठीत धरून उत्तरं देत होती.

स्टेजवर बसलेल्या केंद्रप्रमुख साहेबांनी घड्याळ बघितलं. "मॅडम, आवरा आता. शेवटचा."

"भिवंडीतून वाहणाऱ्या नदीचं नाव काय?"

कोनचा मुलगा म्हणाला, "उल्हास."

धम्मदिनानं आधी मागच्या दाराकडं बघितलं. मग हळूच म्हणाली, "कामवारी."

हॉल टाळ्यांनी दणाणला. वैशालीचा अजून पत्ता नव्हता. साहेबांनी हौसेनं माईक हिसकून घेतला, "विजेत्या मुलीच्या पालकांनी पुढे यावं!"

आणि सुगत निघाला. भांग पाडलेला, धुतला शर्ट, चेहऱ्यावर हसू. लोक त्याच्यासाठीच टाळ्या वाजवत होते, वाट करून देत होते. कुणी पाठीवर थापही मारली. तो पायऱ्यांशी आला आणि हात पसरले, "चल बाळा, आईस्क्रीम खायला."

धम्मदिनानं त्याच्याकडं बघितलं. ओठ हलले, सावकाश, एकेक शब्द वेगळा.

"मी न्हाय येणार. तुमी आईला मारता."

हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही. ज्यानं तिला ओठ वाचायला शिकवलं, त्याला मात्र कळलं. हसू गेलं. पण पाय पायरीवर तसाच.

मनालीबाई मधे आल्या. "मी देणार नाही हिला."

"मॅडम, वडीलच आहेत ना?" साहेब चमकले. "नियम तुमचाच."

"माझाच आहे ना? मग मीच मोडते."

सुगत आणखी एक पायरी चढला. त्याच्या तोंडाचा तंबाखूचा वास बाईंना आला. त्यांनी मागं हात करून पोरीला पाठीशी दाबलं आणि डोळे मिटले. आता तो हात टाकणार, एवढंच त्यांच्या डोक्यात.

"दिना!"

दारात वैशाली. अंगात गोदामाचं पिवळं जॅकेट, मागे सईदाखाला आणि मुदस्सिर. सुगतनं वळून बघितलं, खिडकीकडं बघितलं. वैशालीची रिक्षा बघताच दोस्त मोटरसायकल घेऊन सटकला होता. तो खाली उतरला आणि बाजूच्या दारानं निघाला. जाताना उंबऱ्यात थांबून बाईंकडं बघत त्यानं ओठ हलवले. बाईंना सगळं आधीच कळलं, म्हणजे बाई आपल्याच भाषेतली आहे, हे आता त्यालाही उमगलं होतं.

"शाळा रोजच भरते ना?"

लोक वडापाव घ्यायला उठले होते. वैशाली पोरीला कवटाळून रडत होती. पोर रडत नव्हती. बक्षिसाची कंपासपेटी छातीशी धरून तिनं बाईंचा पदर ओढला.

"बाई, स्पर्धा उद्या पण हाय का?"

"नाही गं."

"मग ठेवा ना," धम्मदिना म्हणाली. "मी एक पण चुकणार न्हाय."