सगळं काढून टाका

जावई फरशांच्या दुकानात विक्रेता होता. पण सासूबाईंचा बंद पडलेला रिमोट त्याने एकदा चालू करून दिला आणि तेव्हापासून त्या घरात तो 'इंजिनिअर' झाला. हरभऱ्याच्या झाडावर चढवलेल्या माणसाला खाली उतरायची लाज वाटते. म्हणून सासऱ्यांचा लॅपटॉप चालू होता होता बंद पडायला लागला, तेव्हा तोच रविवारी दुपारी बाह्या सरसावून बसला.

सासरे आत झोपले होते. डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीनच दिवस झाले होते. ते उठले की विचार, मगच हात लाव, असं बायकोने बजावलं होतं. पण त्याला चारला मित्राकडे मॅच बघायला जायचं होतं. फाइली ठेवू की सगळं काढून टाकू, असं मशीनने विचारलं. फाइली ठेवून करायला गेला तर ते अर्ध्यातच अडकलं. म्हाताऱ्या माणसाचं यात असून असून काय असणार, असं म्हणत त्याने दुसरा पर्याय दाबला.

लॅपटॉप आत्ताच खोक्यातून काढल्यासारखा लख्ख झाला. सासूबाईंनी तोंड भरून कौतुक केलं. तेवढ्यात सासरे काळा चष्मा सावरत बाहेर आले, शेजारी बसले आणि म्हणाले, "तेवढं 'बाइंडिंग' नावाचं फोल्डर उघडून द्या."

जावयाने माउस उगाच इकडेतिकडे फिरवला.

"डिस्कच गेली होती, बाबा," तो म्हणाला. "मी हात लावायच्या आधीच."

सासऱ्यांनी लॅपटॉप हळूच मिटला. मग त्याच्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, की तुम्ही तुमच्याकडून केलंत, तुमचा काय दोष. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मॅच बघताना कोण जिंकतंय, हेही त्याला कळलं नाही.

फोल्डरमध्ये काय होतं ते घरी बायकोने सांगितलं. सासऱ्यांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. नऊ वर्षांपूर्वी ते हॉस्पिटलात असताना मुलाने कागद कापायचं मशीन विकून टाकलं आणि दुकान बंद केलं. तेव्हापासून बापलेकांत बोलणं नव्हतं. आपली बाजू लिहून ठेवायची म्हणून बाबा रोज टाइप करायला बसायचे. लिहिता लिहिता त्यांना मुलाचीच बाजू पटत गेली. दिवाळं निघायला आलेलं दुकान पोराने बंद केलं, ते आपल्या जिवासाठीच, हे पानापानांतून त्यांच्या ध्यानात आलं. ते सगळं त्याला पाठवायचं, एवढंच उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर न जाता जावई थेट सासऱ्यांकडे गेला. सासूबाई चहा टाकायला आत गेल्या, तेव्हा त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"डिस्क चांगली होती. मला घाई होती, म्हणून मी न विचारता पुसलं. वर खोटं बोललो."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"पुसलंत त्याचं सोडा," ते म्हणाले. "पण मी रात्रभर स्वतःलाच बोल लावत होतो. वेळेवर पाठवलं नाही म्हणून."

पाया पडावं असं त्याला वाटलं, पण तेही नाटकी वाटलं असतं. तो खाली मान घालून उभा राहिला. आतून कपबश्यांचा आवाज येत होता.

"एवढं पुन्हा लिहायला माझे डोळे नाहीत आता," सासरे म्हणाले. "पोराशी बोलावंच लागेल. तुमचा फोन काढा. माझा नंबर बघून तो उचलायचा नाही."

जावयाने मेहुण्याचा नंबर लावला. दोनदा रिंग पूर्ण वाजून थांबली. तिसऱ्यांदा पलीकडून आवाज आला, "कोण बोलतंय?"

त्याने आपलं नाव सांगितलं. मग म्हणाला, "माझ्या हातून एक चूक झालीय. बाबांचं जरा ऐकून घेता का?"

मेहुण्याने फोन ठेवला नाही. जावयाने फोन सासऱ्यांच्या कानाशी धरला. शेवटपर्यंत तो तसाच धरून उभा राहिला.