झोक्याच्या फांदीवरची आमरी

मित्रांनो, क्षणभर असं समजा, की तुम्हाला पाय नाहीत. तुम्ही आंब्याच्या एका फांदीवर बसला आहात आणि जन्मभर तिथंच बसायचं आहे. हाक मारायला तोंड नाही. नात्यागोत्यातलं कुणी नजरेच्या टप्प्यात नाही. जे काही सांगायचं ते वर्षातून एकदा, फुलांच्या वासातून सांगायचं. जमलं का समजायला? मग तुम्ही आता माझ्या शेजारीच आहात. नीट बसा. माझ्या शेजारी कितीतरी वर्षांत कुणी बसलेलं नाही.

मी एक जुनी आमरी आहे. ‘आमरी’ हे ऑर्किडचं पुस्तकातलं नाव. साक्रीच्या पश्चिमेला डोंगर सुरू होतात, तिथल्या एका शिवारात वनाआबांचा बांध आहे. बांधावर आंबा आहे आणि आंब्याच्या आडव्या फांदीवर मी आहे. इथं मला नाव नाही. चुकून वर नजर गेलीच, तर लोक ‘बांडगूळ’ म्हणतात आणि पुढं जातात. त्यांचा तरी काय दोष? एरवी मी दिसते ती अशी : जाड पानांची एक जुडी, उंदरानं कुरतडल्यासारखी पानांची टोकं आणि खाली लोंबणाऱ्या पांढुरक्या मुळ्या. उन्हं तापली, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण जवळ आला, की मला फुलं येतात. पिवळसर पाकळ्यांवर तपकिरी जाळी आणि मध्ये जांभळी जीभ. त्या थोड्या दिवसांत मी सुंदर असते असं म्हणतात. मी स्वतःला कधी पाहिलेलं नाही.

माझा जन्म धुळीच्या कणातून झाला. तुम्ही हरभऱ्याचा दाणा सोलून पाहिला असेल. त्यात कोवळ्या कोंबाभोवती आईनं बांधून दिलेली भरगच्च शिदोरी असते. भुईमुगाच्या दाण्यात तर तेलसुद्धा असतं. आमच्या बीजात शिदोरी नसते. आमची आई एका शेंगेत मोजता येणार नाहीत इतक्या बिया भरते, पण एकीलाही खाऊ देत नाही. शेंग तडकते, वारा येतो आणि आम्ही निघतो, रिकाम्या हातांनी.

मग कुठंतरी झाडाच्या सालीची भेग भेटावी लागते. त्या भेगेत ओल हवी. एवढं जमलं तरी पुरत नाही. तिथं एक बारीक बुरशी राहत असली पाहिजे. तिचे धागे बीजात शिरतात आणि बाळाला पहिला घास भरवतात. ती नसेल तर बी तिथंच संपते. मला या भेगेत ती भेटली. माझ्याबरोबर त्याच शेंगेतून निघालेल्या बहिणींना ती भेटली की नाही, मला कधीच कळलं नाही.

पहिलं फूल यायला फार वर्षं गेली. पण तेव्हा एकटेपणा नव्हता. बांधावर आंब्यांची रांग होती आणि जवळजवळ प्रत्येक झाडावर आमच्यातली कुणी ना कुणी होती. आम्ही बोलायचो नाही, पण आमच्यात निरोप चालायचे. निरोप्या होता काळा भुंगा. मोठा, जड, घूं घूं करत येणारा. तो वाळक्या लाकडात भोक पाडून घर करतो.

त्याचं काम कसं चाले ते सांगते. माझ्या फुलाच्या मधोमध एक छोटासा खांब आहे. खांबाच्या टोकावर टोपी आणि टोपीखाली परागाच्या दोन पिवळ्या गोळ्या. गोळ्यांच्या देठाला चिकटा असतो. भुंगा गोडाच्या आशेनं डोकं आत घालतो आणि मागं सरताना टोपी उडते, गोळ्या त्याच्या अंगाला चिकटतात. तो तसाच दुसऱ्या झाडावरच्या आमरीकडे जातो. तिच्या खांबावर एक ओलसर चिकट खळगा असतो, त्यात गोळ्या अडकतात. झालं, तिला शेंग धरते. माझ्या परागानं मला शेंग धरत नाही. माझीच दोन फुलं एकमेकांच्या उपयोगाची नाहीत. दुसरीच कुणीतरी लागते.

हे इतकं नेमकं कुणी बसवलं असेल, असं तुम्हाला वाटेल. कुणीच नाही. फार फार पूर्वी आमच्या फुलांचे आकार थोडे थोडे वेगळे होते. ज्या फुलात भुंगा नीट बसला, त्याला शेंगा धरल्या. ज्यात तो नुसताच येऊन गेला, ते फूल गळून गेलं. शेंगेतल्या मुली आईसारख्या निघाल्या. असं पिढ्यान्‌पिढ्या होत राहिलं आणि भुंग्याच्या मापाचं फूल तयार झालं. मला या गोष्टीचा अभिमान वाटायचा. आता वाटतं, इतकं एकावर विसंबून राहणं अवघडच. तो आला नाही तर?

रस्ता रुंद झाला तेव्हा रांगेतले आंबे गेले. उरलेल्या झाडांवरच्या माझ्या बहिणी वनाआबांनी कोयत्यानं खरवडून काढल्या. बांडगूळ झाडाचा रस पितं, म्हणून त्यांनी झाडं साफ केली. रागानं नव्हे, आंब्याच्या काळजीनंच. पुढं तीही झाडं वठली. वाळकी लाकडं चुलीत गेली, तशी भुंग्यांची घरंही गेली. मी तेवढी वाचले, कारण माझ्या फांदीला आखाजीचा झोका बांधतात आणि आबांची मुलगी रूपा त्या झोक्यावरून माझी फुलं तोडायची. गौराईला वाहायला. तोडण्याआधी ती डोळे मिटून वास घ्यायची. माझं कौतुक करणारी तेवढी एकच. तोडलेल्या फुलाला शेंग धरत नाही हे तिला ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं, तर न तोडलेल्या फुलांनाही धरत नव्हती. भुंगा कधीमधी यायचा, पण त्याची पाठ रिकामी असायची. फूल उमलायचं, वाट बघायचं, सुकायचं.

रूपाचं लग्न झालं. पिंपळनेरच्या पुढं डोंगरातल्या गावात ती नांदायला गेली. आखाजीला ती येई, तेवढीच ओळखीची चाहूल.

मागच्या आखाजीला ती मुलीला घेऊन आली. पुनम तिचं नाव, पाचवीतली. आबा झोका बांधायला आले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर दोर होता आणि हातात कोयता.

“हाई बांडगूळ आते काढीच टाकस,” ते म्हणाले. “आंबा दरसाल कमी लागी राहिना.”

“आबा, ऱ्हाऊ द्या ना,” रूपा म्हणाली. “मी धाकली व्हतू तैपासून गौराईले आठलाच फुलं लागतस.”

“फुलं पाहिजे, आंबा नको! मंग आखाजीले रस काय हवाना करशी?”

मित्रांनो, पाय नसण्याचं दुःख मला त्या दिवशी कळलं. फांदी आधीच शेंड्याकडून वाळत चालली होती. माझे दिवस तसेही फार उरले नव्हते. पण शेंग न धरता गेले, तर या बांधावरचं आमचं सगळं गोत माझ्याबरोबरच संपणार होतं. मला एवढंच हवं होतं, जाण्याआधी एकदा, एकच शेंग.

आबांनी दोर बांधला, फळी अडकवली आणि कोयता उचलला. तेवढ्यात पुनम फळीवर उभी राहिली. तिचा चेहरा माझ्या पानांशी आला. तिनं माझी एक मुळी नखानं हळूच उचलली.

“आबा, हाई मुळी ते वरच शे. मझार गयीच नही. दखा, साल जशीनी तशी!”

आबा थांबले. पलीकडच्या फांदीवर खरं बांडगूळ होतं. त्यांनी ते छाटलं आणि बोटानं चाचपलं. त्याचं मूळ लाकडात आत घुसलं होतं आणि त्याच्या पुढची फांदी सुकली होती. मग त्यांनी माझी मुळी उचलून बघितली. पुन्हा पलीकडं बघितलं.

“मंग हाई खास काय? पोट कसावर भरस?” त्यांनी डोकं खाजवत विचारलं.

“हवा!” पुनम म्हणाली.

रूपा खदखदून हसली आणि आबाही हसले. पोरीचं फारसं चुकलं नव्हतं. माझ्या मुळ्या सालीवरून ओघळणारं पावसाचं पाणी पितात. वाऱ्यानं आणलेली धूळ, कुजलेलं पान, एवढ्यावर माझं भागतं. आंब्याकडून मी बसायला जागा घेतली, बाकी काही नाही.

“म्हंजे चोर नही, पाव्हनी शे,” आबा म्हणाले आणि कोयता खाली ठेवला. “पाव्हनीले कोयता कोन दखाडस? पन हिले कधी शेंग लागेल दखी नही मी.”

“आमना गावले मोहाना झाडवर शे ना, तिले लागतस,” पुनम म्हणाली. “बोटएवढ्या!”

“तठे दोन-तीन शेतस, आठे एकटीच शे,” रूपा म्हणाली. “डांगरना येलवरनं नर फूल आपन मादी फूलले लावतस ना सकाळम्हा? तसंच काही व्हई.”

“मंग हिलेबी दुसरा गावना नवरदेव लागी,” आबा म्हणाले. “तुले नही का डोंगरमा दिधी?”

“आनि मी तठे डांगरच लायी राहिनू!” रूपा म्हणाली, आणि दोघं पुन्हा हसले.

पुनम मात्र हसली नाही. तिनं माझं एक फूल तोडलं आणि काडीनं आत टोचत राहिली. टोपी उडाली. पिवळ्या गोळ्या काडीच्या टोकाला चिकटून बाहेर आल्या. ती त्यांच्याकडं बघत बसली, आईनं जेवायला हाक मारली तरी बघत बसली.

सण संपला. झोका सोडला. मायलेकी एसटीनं गेल्या आणि शिवारात पुन्हा माझ्याशिवाय माझ्यासारखं कुणी उरलं नाही. भुंगा एकदा येऊन गेला, रिकामा. फुलं सुकली. पाऊस आला, मुळ्या हिरव्या झाल्या, पुन्हा पांढऱ्या पडल्या. थंडीत आबा बांधावर शेकोटी करत, तेव्हा मी तिच्या उजेडाला सोबत मानायची. फांदीचं वाळणं आणखी पुढं सरकलं. एखाद्याला विसरणं फार सोपं असतं, मित्रांनो, विशेषतः ज्याला हाक मारता येत नाही त्याला. तुमच्या बांधावर, शाळेच्या वाटेवर अशी कितीतरी मुकी झाडं असतील. ती वाईट आहेत असं कुणी सांगितलं, तर तोडण्याआधी एकदा मुळी उचलून बघा. एवढंच मागणं आहे.

यंदा पुन्हा आखाजी आली. मला फुलांचा एकच तुरा आला, तोही लहान. आबांनी झोका आधीच बांधून ठेवला होता.

एसटी फाट्यावर थांबली आणि पुनम घरी न जाता थेट बांधावर धावत आली. मागून रूपा पिशव्या सांभाळत येत होती. पुनमच्या हातात जेवणाचा डबा होता. तिनं तो उघडला. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली फुलं होती. पिवळसर, तपकिरी जाळीची, जांभळ्या जिभेची.

आणि मला वास आला. माझा नव्हे. किती वर्षांनी कुणाचा तरी, माझ्यातल्याच कुणाचा तरी वास आला.

“माय, झोका धर. हालू देजो नको,” पुनम फळीवर चढत म्हणाली.

रूपानं दोन्ही दोर मुठीत धरले. आखाजीच्या दिवशी झोका असा निश्चल उभा राहिलेला मी प्रथमच पाहत होते. खाली गावातल्या मुली जमल्या. त्यांच्या हातात गौराईचं ताट होतं.

“पुनम, फुलं तोड ना व! गौराई वाट दखी राहिनी!”

“थांबा जरासं,” ती म्हणाली. तिनं खराट्याची काडी मोहावरच्या फुलात घातली आणि पिवळ्या गोळ्या अलगद बाहेर काढल्या. श्वास रोखून तिनं ती काडी माझ्या फुलातल्या ओल्या खळग्याला लावली. काडी मागं घेतली, तेव्हा गोळ्या आतच राहिल्या.

शेंग धरेल की नाही, हे मला ठाऊक नाही. ते कळायला अजून दिवस जातील.

“आते तोडू का फुलं?” एकीनं विचारलं.

“नही. आते हिनं लगीन लागेल शे,” पुनम म्हणाली. मोहावरची उरलेली फुलं तिनं वाकून त्यांच्या ताटात ठेवली, गौराईसाठी. तिथलीच थोडी हळद तिनं बोटावर घेतली आणि माझ्या सगळ्यात खालच्या पानाला लावली. मग ती फळीवर नीट बसली आणि आईला म्हणाली, “आते सोड झोका.”