धाकटीच्या तळव्यातला गारवा

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा एका रंगाऱ्याचं अंगण. दोऱ्यांवर निळी-तांबडी कापडं, खाली मुंगीला शिरायला जागा नाही अशी गर्दी, आणि मधोमध शीतलबाबा. बाबांनी पाण्याच्या वाटीत पुडी सोडून वाटी रंगाऱ्याच्या धाकटीच्या तळव्यावर ठेवली.

"बर्फ नाही, यंत्र नाही. हा निर्मळ मनाचा गारवा."

वाटी हातोहात फिरली, बोटं गारठली. मग थोरलीच्या हातात दुसरी वाटी, दुसरी पुडी. पाणी होतं तसंच.

"मन मळलंय पोरीचं," बाबा म्हणाले.

"तरी मी म्हणते, ही एवढी घुमी का," शेजारीण म्हणाली.

थोरली आतून जळत होती. त्यात बाबांनी धाकटीला वर्षभर गावोगाव फिरवायला मागितलं. बाप सकाळी उत्तर देणार होता.

'जाऊ दे की, खाट तरी मोकळी होईल,' थोरलीला वाटलं. पण हेवा माणसाला बारीक बघायला शिकवतो. धाकटीची पुडी बाबांच्या उजव्या खिशातून आली होती, तिची स्वतःची डाव्या. उजव्या पुडीतले सांडलेले दाणे तिने टिपले. पांढरे, ओळखीचे. रंगात घालायचा युरियाच तो. मग घरात कधी गार कसा लागला नाही? कारण बाप तो नेहमी गरम पाण्यात विरघळवायचा.

तिने मूठभर युरिया साध्या पाण्यात टाकला. भांडं गारठलं. मन मात्र अजून जळतच होतं.

तिने शाळेतल्या बाईंकडे जाऊन घडलेलं सगळं सांगितलं. "आपोआप गार कसं होतं हो?"

"शाळा सुटल्यावर तुम्हाला पांगा म्हणून सांगावं लागतं का? तसे हे युरियाचे कण पाण्यात पांगतात. त्यासाठी लागणारी ऊब पाण्यातूनच घेतात. कळीच्या चुन्यात पाणी घातलं की ऊब बाहेर पडते, इथे आत जाते. दोन्ही आपोआपच. पांगायची ओढ मोठी असली, की ऊब खर्चूनही बदल घडतो."

"आणि माझी पुडी?"

"मीठ असेल. तेही पांगतं, पण ऊब नावालाच घेतं."

सकाळी बापाने तोंड उघडायच्या आत थोरलीने युरियाची पिशवी अंगणात आणून मूठमूठ युरिया पाण्याच्या वाट्यांत टाकला. पहिली वाटी शेजारणीच्या हातात. गार. मग सगळ्यांच्या. गार.

"बाबा, आता तुमचा डावा खिसा दाखवा."

बाबांना एकदम दुसऱ्या गावची आठवण झाली.

मुलांनो, चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी पुडीत काय आहे ते विचारा.

धाकटी कोपऱ्यात मुसमुसत होती. "म्हणजे माझ्या हातात काहीच नव्हतं?"

थोरलीने तिची गारठलेली बोटं आपल्या तळव्यांत चोळली आणि पळी तिच्या हातात दिली.

"पुढची वाटी तू ढवळ."